सातच्या अंगावरची आडवी रेघ

गेल्या अंकात मी ‘संशोधनाचा डेटा पेटाऱ्यात घालून ठेवू नका, वाटा’ असं जरा जोरातच लिहिलं. त्यावर अकरा पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच, ‘आमचं प्रकरण वेगळं आहे हो!’ गोव्याच्या मुरगाव तालुक्यातल्या माणसांना तसं वाटणारच. एकीकडे नौदलाचा हंस तळ, त्याच धावपट्टीवर उतरणारी प्रवासी विमानं, आणि पलीकडे शिपयार्ड. चार पत्रांना इथे उत्तर देते. मी आयुष्यभर समुद्राच्या नोंदी सांभाळल्या. ना मी वकील, ना गुन्हे शोधणारी. तेवढं ध्यानात धरून वाचा.

ताई, मी न्यायवैद्यक विषयात एम.एस्सी. करते. प्रबंधासाठी १४० जणांच्या हस्ताक्षराचे नमुने घेतले, प्रत्येकाकडून देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिपींत. एक परदेशी नियतकालिक म्हणतं, निबंध छापायचा तर मूळ नमुने खुले करा. सर म्हणतात, कोणाला काही द्यायचं नाही, उद्या आरोपीचा वकील तेच घेऊन कोर्टात उभा राहील. मी काय करू? (विद्यार्थिनी, म्हापसा)

अगो, वकिलाने ते घेऊन उभं राहावं, यासाठीच तर ते द्यायचं असतं.

माझ्या आईची पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. ती पोर्तुगीज शाळेत प्रिमेरो ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकपर्यंत शिकली. घरात मराठी, वहीत मराठी, पण आकडे मात्र शाळेतले, युरोपी वळणाचे, 1, 7 असे. तिच्या प्रत्येक सातच्या अंगावर मधोमध एक आडवी रेघ आहे आणि एकाला वरून लांब नाक. ही वही नागपूरच्या एखाद्या तपासनिसापुढे ठेवली, तर तो म्हणेल, ‘वा, काय वेगळी खूण आहे, या बाईचं अक्षर कुठेही ओळखू येईल.’ आणि तो साफ चुकेल. कारण फोंड्याच्या बाजारात त्या पिढीतला जो कोणी त्या शाळेत गेला, त्या प्रत्येकाचा सात असाच. ती माझ्या आईची खूण नव्हे, तिच्या शाळेची.

खूण दुर्मिळ आहे की सर्रास, हे एका वहीवरून कळत नाही. त्यासाठी त्याच मुलखातल्या शेकडो माणसांचे नमुने लागतात. तुझ्याकडे १४० आहेत. गोव्यात दोन लिपींत लिहिणाऱ्यांचे. ते तू कपाटात ठेवलेस, तर कोर्टात ‘माझ्या अनुभवावरून सांगतो’ एवढंच चालत राहणार.

डीएनएचंही असंच आहे. दोन नमुने जुळले म्हणजे काय, ते ठरतं तो प्रकार लोकांत किती जणांत सापडतो त्यावर. अमेरिकेच्या एफबीआयने १९९९मध्ये छापलेले असे आकडे तिथल्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं वापरत होत्या. २०१५मध्ये एफबीआयनेच कळवलं की त्यात चुका आहेत. काही नोंदवताना झालेल्या, काही जुन्या तंत्रामुळे. फरक किरकोळ निघाला. पण आकडे छापलेले होते, म्हणून दुरुस्तीही छापता आली, आणि ज्याला हवं त्याला जुना हिशेब पुन्हा मांडून पाहता आला. बोटांच्या ठशांचंही बघ. २००४च्या माद्रिद बॉम्बस्फोटात एफबीआयने अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठसा जुळतो म्हणून त्याला अटक केली, आणि स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा ठरवला. ‘ठसा कधी चुकत नाही’ म्हणणाऱ्यांना मग स्वतःला तपासून घ्यावं लागलं. २०११च्या एका अभ्यासात १६९ तज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या. वेगळे ठसे एकच म्हणण्याची चूक ०.१ टक्के निघाली आणि एकच ठसा वेगळा म्हणण्याची ७.५ टक्के. आता आकडा तरी आहे हातात. सरांना हे दाखव. शिवाय १ जुलै २०२४पासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी कायद्यातच तरतूद आली आहे. म्हणजे अशी मतं कोर्टात वाढतच जाणार.

तरीही तू ते नमुने नियतकालिकाला देऊ नयेस. सरांचं कारण चुकीचं असलं तरी निष्कर्ष निम्मा बरोबर आहे.

तू पाकिटात नमुना म्हणून एक पान घातलं होतंस. नाव काळ्या शाईने खोडलं होतंस, चांगलं केलंस. पण लोकांना तू लिहायला विषय काय दिलास? ‘माझा गाव’. आणि त्या गृहस्थांनी लिहिलंय की आपण पेडण्याकडचे, जत्रांमधल्या दशावतारात तीस वर्षं पेटी वाजवली, आता एका डोळ्याने दिसत नाही म्हणून सोडली. बाय, मी इकडे फोंड्याकडे मार्दोळला राहते आणि तरी मी त्यांना ओळखलं! २०११च्या जनगणनेत आख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. इथे ‘वय, गाव, धंदा’ ही तीन घरं भरली की नाव लिहायची गरजच उरत नाही. दिल्लीत बसून केलेले गुप्ततेचे नियम आमच्या सत्तरी तालुक्यात लागू पडत नाहीत.

शिवाय तुझ्या संमतिपत्रावर ‘फक्त या प्रबंधासाठी’ असं छापलंय. त्या शब्दाला जागायलाच हवं. पण तुझ्यापाशी देण्यासारखं पुष्कळ आहे. अक्षरांचा कल किती अंशांचा, उंची किती मिलिमीटर, दोन शब्दांत अंतर किती, सातला रेघ आहे की नाही, हे सगळं कोष्टकात घाल. वय दहा वर्षांच्या गटात. गाव नको, तालुकाही नको, उत्तर आणि दक्षिण एवढं पुरे. शाळेचं माध्यम मात्र ठेवच, कारण सगळी गोम तिथेच आहे. हे कोष्टक पूर्ण खुलं. पानांच्या प्रतिमा द्यायच्या असतील तर त्या १४० जणांकडे नवं पत्र घेऊन परत जावं लागेल. जितके हो म्हणतील तितक्यांच्या प्रतिमा, त्याही मागणाऱ्याने लेखी अर्ज केल्यावर. झेनोडो नावाचं, युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेने २०१३पासून चालवलेलं फुकट भांडार आहे. तिथे वर्णन खुलं आणि फाइली बंद असं ठेवता येतं, आणि नोंदीला कायमचा क्रमांक मिळतो. संपादकाला तो कळव आणि प्रतिमा का देत नाही ते दोन वाक्यांत लिही. सह्या मात्र कोणालाच द्यायच्या नाहीत. सही गिरवायला शिकवणारी पोथी आपण का छापावी?

विमान पडलं की ब्लॅक बॉक्समधलं बोलणं लोकांना का ऐकवत नाहीत? मी विमानांच्या देखभालीत तीस वर्षं काढली. लपवण्यासारखं नसेल तर द्या ना! (निवृत्त तंत्रज्ञ, चिखली)

काका, तुम्हाला मी काय सांगणार, तो डबा काळा नसून भगवा असतो हे तुम्ही चार जणांना सांगून दमला असाल.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १३ हे अपघाताच्या चौकशीचं पुस्तक. त्यात दोन्ही गोष्टी आहेत. अंतिम अहवाल लोकांसमोर ठेवा, शक्यतो बारा महिन्यांत. आणि कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण जपा, अहवालात घ्या ते फक्त कारणमीमांसेला लागेल तेवढंच. वैमानिकाला आपलं बोलणं संध्याकाळी दूरदर्शनवर लागेल असं वाटलं, तर तो बोलणंच कमी करील. आणि न बोलणारा वैमानिक किती धोक्याचा, ते तुम्हीच जाणता.

पण अर्धवट देण्याचाही उपद्रव असतो. जून २०२५मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. त्यात दोन वैमानिकांमधल्या एका प्रश्नाचा आणि एका उत्तराचा नुसता सारांश होता. इंधन का बंद केलंस, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं ते नाही, नेमके शब्द नाहीत, त्याच्या आधीचं-नंतरचं नाही. त्या दोन ओळींवर देशभर घरोघरी न्यायालयं भरली. माझं मत विचाराल तर एक तर संदर्भासकट द्यायला हवं होतं, नाहीतर अंतिम अहवालापर्यंत थांबायला हवं होतं.

या बाबतीत मला मनापासून आवडणारी व्यवस्था नासा १९७६पासून चालवते. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ, कोणीही आपली किंवा दुसऱ्याची थोडक्यात टळलेली चूक लिहून कळवायची. अर्जाला नाव-पत्त्याची एक पट्टी असते. ती वेगळी करून, शिक्का मारून, पाठवणाऱ्याला परत धाडतात. कार्यालयात नाव उरतच नाही. मग मजकुरातल्याही ओळखीच्या खुणा काढून तो सगळ्यांसाठी खुला करतात. आजवर वीस लाखांहून अधिक अर्ज आले. ती परत येणारी कागदाची पट्टी बघून लोकांचा विश्वास बसला असणार. तुमच्या तीस वर्षांत अशी सोय असती, तर तुम्ही किती अर्ज भरले असते? उत्तर मला नको, मनात ठेवा.

विमानं दाखवणाऱ्या ॲपवर प्रवासी विमानं दिसतात, पण आमच्या डोक्यावरून जाणारी नौदलाची दिसत नाहीत. मी गच्चीवरून फोटो आणि वेळा टिपून ठेवतो. त्या संशोधनासाठी टाकू का? (कॉलेज विद्यार्थी, बोगमाळो)

नको. प्रवासी विमान आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच ओरडून सांगत असतं. ते टिपून संशोधकांना देणारं ओपनस्काय नावाचं स्वयंसेवकांचं जाळंही आहे. लष्करी विमानाने ओरडायचं नाही असं ठरवलं असेल, तर त्याच्या वतीने तू ओरडू नकोस. व्यायामाच्या एका ॲपने २०१७च्या अखेरीस धावणाऱ्यांच्या वाटांचा जगाचा नकाशा दिला, आणि २०१८च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की त्यात वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसताहेत. एकेका जवानाचं धावणं निरुपद्रवी होतं, घात केला तो बेरजेने. तुझ्या वहीतही तीच बेरीज आहे. कावळे-घारी टिप, धावपट्टीजवळच्या पक्ष्यांची माहिती खरोखर हवी असते.

आमची मुलं दोन वर्षं जुवारी नदीच्या मुखाशी होडीतून पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजताहेत, सहा ठिकाणी, दर पंधरा दिवसांनी. ते खुलं करावं म्हणतो, पण एकाने घाबरवलं की ही संरक्षणाची बाब आहे, आत जाल. (प्राध्यापक, वास्को)

सर, घाबरवणारा अगदीच खुळा नाही. पाण्यात आवाज सरळ जात नाही, थंड थराकडे वळतो. पाणबुडी कुठे ऐकू येईल आणि कुठे लपेल, ते तापमान-खारटपणावर ठरतं. म्हणून जगातल्या प्रत्येक नौदलाला या आकड्यांची भूक. पण म्हणून ते आकडे गुप्त आहेत असं नव्हे. आर्गो नावाची सुमारे ४,००० तरंगती नळकांडी जगभरच्या समुद्रांत सोडलेली आहेत, दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोल जाऊन वर येतात आणि तापमान-खारटपणा उपग्रहाला सांगतात. भारतही त्यात आहे, आणि हे सगळं कोणालाही फुकट मिळतं.

मग गुपित कशात असतं? मोजणारा कधी, कुठे होता यात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्या १९५०च्या दशकापासून उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून जात, आणि वर ध्वनी सोडून बर्फाची पाण्याखालची जाडी मोजत. हवामानाच्या अभ्यासकांना ते आकडे म्हणजे सोनं. नौदलाने १९९०च्या दशकात ते द्यायला सुरुवात केली, पण कसे? जागा अक्षांश-रेखांशाच्या पाच मिनिटांपर्यंत गोल करून, म्हणजे नऊएक किलोमीटरचा घोळ, आणि तारखेऐवजी महिन्याचा पहिला, मधला की शेवटचा तिसरा भाग. जाडीला हात लावला नाही. १९९९मध्ये त्यातूनच निघालं की जुन्या फेऱ्यांच्या मानाने उन्हाळ्याअखेरचा बर्फ सरासरी १.३ मीटरने पातळ झालाय. पाणबुडीची वाट झाकलेली राहिली आणि बर्फ उघडा पडला. किती झाकलंय हेही सोबत लिहून दिलं होतं, म्हणून शास्त्रज्ञांना तेवढी चूक हिशेबात धरता आली.

झाकण्यात मी स्वतः एकदा सपशेल आपटले आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका मोहिमेचं कोष्टक द्यायचं होतं, जागा मुद्दाम पुसट करून मागितल्या होत्या. मी अक्षांश-रेखांश नीट गोल केले, दोनदा तपासले, आणि खुशीत पाठवून दिलं. पुढच्याच रकान्यात वेळ होती, सेकंदासकट. त्याच्या शेजारी त्या त्या क्षणी मोजलेली तळाची खोली. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलाने दुपारी नकाशा उघडला, खोल्या जुळवल्या, आणि चहाच्या वेळेपर्यंत जहाजाची वाट पेन्सिलीने काढून माझ्या टेबलावर ठेवली. काही न बोलता. कोष्टक मागे घेऊन पुन्हा केलं. तेव्हापासून काहीही बाहेर देण्याआधी मी एका तरुण माणसाला म्हणते, हे फोडून दाखव.

तुमच्या मुलांच्या कामात मात्र लपवायला कोणी नाही. होडी मासेमाराची, ठिकाणं ठरलेली. फक्त तीन गोष्टी सांभाळा. खोली बारीक मोजली असेल तर ती काढून ठेवा. किनाऱ्यालगतच्या खोलीच्या अचूकतेवर केंद्राच्या फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा आहेत. सहापैकी एखादं ठिकाण बंदराच्या किंवा नौदलाच्या हद्दीत येतं का, ते संबंधितांना लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या, ‘साहेब हो म्हणाले’ चालणार नाही. आणि होडीतून काढलेले फोटो जोडू नका, मागे काय दिसतंय याकडे मुलांचं लक्ष नसतं. बाकी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर खारटपणा कसा धडाधड उतरतो, ते सहा ठिकाणांचं दोन वर्षांचं कोष्टक मला स्वतःलाही बघायचंय. तापमापी कोणती, कधी तपासून घेतली, कोणत्या पंधरवड्यात होडीच मिळाली नाही, तेही त्यात लिहा. रिकामे रकाने रिकामेच ठेवा, अंदाजाने भरू नका.

म्हापशाच्या मुलीस: पेटीवाल्या काकांचं ते पान मी रजिस्टर पोस्टाने परत पाठवलं आहे. झेरॉक्स काढलेली नाही. पोच कळव.