पैशावरची कादंबरी वही घेऊन वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पैसा माणसाच्या आयुष्यात शिरून काय करतो, हे दाखवणाऱ्या पुस्तकांची आणि सिनेमांची यादी तू मागितली आहेस. चार-पाच नावं पुढे देतो. पण आधी एकच कादंबरी वही-पेन्सिल घेऊन वाच, आणि ती ‘गोदान’ असू दे. प्रेमचंदांची ही कादंबरी 1936 साली आली. हिंदी सोपं आहे. अवधकडचे शब्द अडले तर कोश शेजारी ठेव.

वही आडवी धर आणि सहा रकाने आख: पान, कोणाकडून, किती, कशासाठी, व्याज किंवा अट, आणि बदल्यात काय गेलं. शेवटचा रकाना बराच काळ रिकामा राहील. घाईने भरू नकोस. होरी या गरीब शेतकऱ्याला गाय हवी असते, ती भोला नावाचा गवळी त्याला 80 रुपयांना उधारीवर देतो. ही नोंद झाली की तिच्यासमोर जागा सोड. गाय विषाने मरते, उधारी तशीच राहते आणि पुढे कधीतरी भोला येऊन होरीचे दोन्ही बैल सोडून नेतो. तेव्हा मागे जाऊन त्या रिकाम्या जागेत ‘बैलजोडी’ लिहायचं. शेतकऱ्याचे बैल गेले म्हणजे पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच्या अटीवर शेत करणार, हे लगेच पुढच्या नोंदींत दिसायला लागतं. नुसतं वाचताना हे दोन प्रसंग लांब पडतात आणि वाचणारा म्हणतो, ‘बिचाऱ्याचं नशीबच फुटकं.’ वहीत मात्र ते एकाच ओळीत येतात.

कादंबरीच्या सुरुवातीच्या भागात होरीच्या देण्यांचा एक परिच्छेद आहे. तिथे थांबच. मंगरू साहकडून बैलासाठी 60 रुपये घेऊन पाच वर्षं झाली. 60 फेडले, तरी 60 उभेच. दातादीन पंडिताकडून बटाटे लावायला 30 घेतले. बटाटे चोरांनी खणून नेले आणि तीन वर्षांत 30 चे 100 झाले. दुलारी या सावकारीण बाईकडून भावांच्या वाटणीच्या वेळी 40 घेतले, तेही शंभराच्या घरात गेले, कारण व्याज रुपयामागे आणा.

इथे पेन्सिल चालव. रुपयामागे महिन्याला एक आणा. रुपयाचे आणे 16, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला 75 टक्के. दुलारीच्या 40 रुपयांवर महिन्याला अडीच रुपये चढतात. दोन वर्षांत 60 होतात, मुद्दल धरून बरोबर 100. आता हाच दर दातादीनच्या 30 रुपयांना तीन वर्षं लावून बघ. साडेसदुसष्ट रुपये व्याज, मुद्दलासह साडेसत्त्याण्णव. शंभराला येऊन टेकलं! यात कोणी खोटा आकडा घातलेला नाही. होरीला बुडवायला लबाडीची गरजच नाही, चालू दर पुरेसा आहे. मला या कादंबरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते, आणि ती कोणाच्या तोंडच्या भाषणात नाही, हिशेबात आहे.

दुसरं ठिकाण होळीचं सोंग. गावातली पोरं सावकारी करणाऱ्या ठाकुराची नक्कल करतात. शेतकरी दहा रुपये मागतो, हातावर पाचच पडतात. एक रुपया नजराण्याचा, एक लिखापढीचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा म्हणजे दलालीचा, एक व्याजाचा, पाच रोख. झाले की नाही दहा? लोक हसून लोळतात. तू हसून पुढे जाऊ नकोस. आज मोबाइलवर झटपट कर्ज देणारे ‘प्रोसेसिंग फी’ आधीच कापून घेतात, तेव्हा हेच गणित असतं. दहा हजार मंजूर झाले, दीड हजार कापले आणि महिन्याने पूर्ण दहा हजार परत करायचे, तर हातात आलेल्या 8,500 वर एका महिन्याचं व्याज साडेसतरा टक्क्यांच्या वर गेलं. कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून वर्षाचा दर ग्राहकाला लेखी सांगावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना लागू आहे. तो कागद वाचायची सवय या सोंगानेच लागेल.

नव्या वाचकाचं इथे एक हमखास चुकतं. 1936 चे 100 रुपये म्हणजे आजचे किती, हे तो शोधायला लागतो. महागाईच्या तक्त्यातून आलेला आकडा फार काही सांगत नाही. मोजमाप पुस्तकातूनच घे. शेवटी होरी रस्त्याची खडी खणायला जातो, आठ आणे रोजावर. तो रोज म्हणजे तुझी फूटपट्टी. 100 रुपये म्हणजे 200 दिवसांची मजुरी, तीही पोटाला काही न खाता. होरी मरतो तेव्हा त्याची बायको धनिया हिच्याकडे सुतळी विकून आलेले वीस आणे असतात, तेच ती होरीच्या थंड हातात ठेवते आणि समोरच्या पंडिताला सांगते की हेच याचं गोदान. म्हणजे अडीच दिवसांचा रोज. आणि समोर उभा असलेला हा पंडित कोण, तर दातादीन. तीसवाला.

याच दातादीनशी होरीचा मुलगा गोबर आधी एकदा भांडतो. शंभराचे तोवर दोनशे झालेले असतात. शहर बघून आलेला पोरगा महिन्याला शेकडा एक रुपया दराने हिशेब करून 70 रुपये देऊ करतो. आपल्याकडच्या जुन्या दामदुप्पटीच्या नियमाने बघितलं तर व्याज मुद्दलाच्या वर जात नाही, म्हणजे 60 झाले असते. पण होरीच हटत नाही. ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर हाडं फोडून निघेल, या भीतीने तो पंडिताचे पाय धरतो. ही नोंद ‘व्याज किंवा अट’ या रकान्यात कर आणि अट म्हणून ‘भीती’ लिही. पैशाचा माणसावरचा परिणाम शोधतोस ना, तो इथे आहे. वसुलीला शिपाई लागत नाही, कर्जदार स्वतःच सावकाराच्या बाजूने बोलतो.

सिनेमाला हीच वही चालते, फक्त पानाऐवजी मिनिट लिहायचं. पहिल्यांदा न थांबवता बघ, दुसऱ्यांदा थांबवत. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ (1953) घे. शंभू या शेतकऱ्याच्या समजुतीप्रमाणे देणं 65 रुपये, जमीनदाराच्या वहीत 235. इथे मात्र आकडा खोटाच आहे. ‘गोदान’शी हा फरक टिपून ठेव. कोर्ट तीन महिने देतं. भागाकार कर: रोज सुमारे दोन रुपये दहा आणे नुसते शिलकीला पडायला हवेत. हा आकडा डोक्यात ठेवून कोलकात्यातला हातरिक्षाच्या शर्यतीचा प्रसंग बघ. जादा पैशांच्या आशेवर शंभू जिवाच्या आकांताने का धावतो, हे तेव्हा पुरतं कळतं.

‘मदर इंडिया’त (1957) कर्ज 500 रुपयांचं आहे आणि व्याज पिकाच्या तीन चतुर्थांश वाट्याचं. टक्क्यात मांडता येत नाही, म्हणून सोडून देऊ नकोस. पाऊस चांगला झाला की सावकाराचा वाटाही फुगतो, एवढं लिही. आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ 1925 सालीच केला होता. कर्जात जमीन जाते आणि शेतकरी गिरणीत पोचतो, ही वाट मूकपटात तेव्हाच आली होती. त्याच्याही आधी, 1875 मध्ये, दख्खनचे दंगे झाले होते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला ते सुरू झाले आणि शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांचे रोखे आणि कर्जखतं जाळली. कागद का जाळले, हे ‘गोदान’ची वही भरल्यावर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाच. तिथे एम. ए., बी. एड. झालेल्या एकनाथची शेती तोट्यात आहे, आणि नोकरी अडते ती संस्थाचालकांना द्यायच्या पैशांपायी. त्यासाठी रकान्यांत ‘कोणाला’ हा एक वाढवावा लागेल. ‘गाभ्रीचा पाऊस’ सिनेमात उलट आकड्यांपेक्षा नवऱ्याने जिवाचं काही करू नये म्हणून बायको घरात काय काय करते, ते लिहून काढ. कर्जाचा तो खर्च कुठल्याच खात्यात चढत नाही.

आधी ‘गोदान’ची पहिली शंभर पानं वहीत उतरव आणि मला पाठव. बेरजा करू नकोस, नोंदी तेवढ्या पाठव. भोलाच्या 80 रुपयांसमोर तू काय लिहिलंस किंवा रिकामं ठेवलंस, तिथून बोलू.

तुझा,
एक जुना वाचक