स्टोरस्टाइनेनला जाताय? मग एवढं बघा

पहिलाच ट्रेक आणि तोही नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातला, म्हणजे स्टोरस्टाइनेनचा डोंगरच बरा. उंची फक्त 421 मीटर. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या सुमारे 1200 दगडी पायऱ्या थेट वर नेतात, वाट चुकायचा प्रश्नच नाही. पण ‘आम्ही राजगड केलाय’ म्हणून सुसाट सुटू नका. अर्ध्यात पोटऱ्या बोलायला लागतात.

मे अखेर ते जुलै मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधाराची घाई नाही. घाई करायची ती हवामानाची. ‘यर’ (Yr) या नॉर्वेच्या हवामान अ‍ॅपवर वारा बघा, नुसता पाऊस नव्हे. कॉटनचा टी-शर्ट मात्र घरीच ठेवा. चढताना घामाने भिजतो, आणि माथ्यावर वारा लागला की पाठीला ओलं फडकं चिकटवल्यासारखं होतं. मी जुलैतही तिथे दात वाजवत थर्मासमधला चहा प्यायलोय. लोकरीची बनियन आणि विंडचीटर पुरे.

उतरताना गुडघे कुरकुरले तर रोपवेने या, त्यात कसली लाज! पायऱ्यांवर बर्फ असेल तर चढतानाही तोच पकडा.

आणि हो, वर पोचल्यावर कॅफेत शिरू नका लगेच. आधी मागच्या पठारावर थोडं चाला, गर्दी तिथे संपते.