एफडी मोडू नका, लॅपटॉपचा हप्ताही नको

सांगलीहून एका वाचकाने विचारलंय: लग्नं आणि भजनं थेट दाखवण्याचं काम करतो. जुना लॅपटॉप तापला की चित्र अडकतं, आवाज तडतडतो. 1,45,000चा गेमिंग लॅपटॉप 24 हप्त्यांवर घेऊ, की 1,20,000ची एफडी मोडू? हाताशी 40,000 आहेत. लग्नसराईत महिन्याला पाचेक कामं मिळतात, खर्च जाता प्रत्येकी 4,000 सुटतात.

12 टक्क्यांनी हप्ता साधारण 6,800 बसेल. लग्नसराईत तो जाणवणार नाही. पण चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात आणि हप्ता थांबत नाही. ते दडपण तुमच्यावर नको.

तुम्हाला खरी गरज आहे ती व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या, म्हणजे थेट पाठवता येईल इतका आटोपशीर करणाऱ्या चिपची आणि तीन तास न तापता चालणाऱ्या यंत्राची. अ‍ॅपलचा छोटा डबीसारखा संगणक, एम4 चिपचा मॅक मिनी, 2024च्या अखेरीस भारतात 59,900ला आला, 16 जीबी मेमरीसह. थेट प्रक्षेपणाचं ओबीएस सॉफ्टवेअर त्यावर फुकट चालतं. मूळ 256 जीबी स्टोरेज दुप्पट करायला तेव्हा 20,000 जास्त पडायचे. त्यापेक्षा रेकॉर्डिंगसाठी बाहेरची एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) लावा. व्हीमिक्स हे प्रक्षेपणाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मात्र विंडोजचाच मिनी पीसी घ्या, कारण ते मॅकवर चालत नाही.

यात एक मोठा धोका आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, मिनीला नसते. मंगलाष्टकं चालू असताना लाइट गेली, कार्यालयाचा जनरेटर सुरू व्हायला दहा सेकंद लागले, की तुमचं प्रक्षेपण तिथंच संपलं. मंगलाष्टकं कुणी पुन्हा म्हणत नाही. म्हणून यूपीएस आधी घ्या, आणि राउटरही त्यावरच जोडा.

यूपीएस, एसएसडी आणि साधा मॉनिटर धरून बजेट 80,000 ठेवा. हातचे सगळे 40,000 संपवू नका. 30,000 घाला आणि उरलेल्या 50,000साठी एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून उचल, काढा. बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात, व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं आणि एफडी शाबूत राहते. तीन महिन्यांच्या लग्नसराईत तो फिटेल. आषाढीच्या आत फेडाच.

आयकरात संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जिथं उलाढालीचा ठरावीक हिस्साच नफा धरतात) रिटर्न भरत असाल तर तो वेगळा वजा होत नाही. त्या आशेवर महाग वस्तू घेऊ नका.

पहिल्या कामाआधी घरी दोन्ही कॅमेरे लावून तीन तास सलग चालवा, आणि मध्येच घराचा मेन स्वीच बंद करून बघा.