गोळी सुरू करू, की अजून थांबू?

"मॅडम, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, पण सुरू कराव्यात की नाही तेच कळत नाहीये." पस्तिशी ओलांडलेल्या, मूल हवं असलेल्या इतक्या जणी हा प्रश्न घेऊन येतात, की एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर सांगतील. मी समुपदेशक. गोळी हातात असूनही जे मन अडून बसतं, त्याच्याशी माझा संबंध. एका बाईंची हकिकत सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

मेधा एकोणचाळीस वर्षांच्या, नाशिकला बँकेत अधिकारी. वडिलांचं आजारपण आणि धाकट्या भावाचं शिक्षण यांत लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं. पाळी अनियमित. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी लेट्रोझोल, म्हणजे अंडं तयार व्हायला मदत करणारी गोळी, सुचवली. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज गोळी, मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करून अंडं किती वाढलं ते पाहणं. मेधांनी गोळ्या आणल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. एक पाळी गेली, दुसरी गेली, चौथीही गेली.

"पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कॅन्सरचं औषध असं लिहिलंय. आणि आपल्याकडे याच्यावर बंदी होती म्हणे."

दोन्ही खरं आहे. ते औषध आलं त्याच आजारासाठी. २०११ मध्ये भारतात वंध्यत्वावरच्या उपचारांत ते वापरायला बंदी झाली आणि २०१७ मध्ये ती उठली. आज पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडामुळे, अंडं वेळेवर तयार होत नसेल, तर अनेक देशांत आधी हीच गोळी देतात. तरीही माझ्या शब्दावर थांबू नका, प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, असं मी म्हटलं. त्या गेल्या. डॉक्टरांनी वेळ देऊन समजावलं. मेधांचं समाधान झालं, आणि पुढच्या पाळीलाही पट्टी फोडली नाही. आता कारण होतं मार्च एंडिंग. त्यानंतर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन.

शंका फिटूनही पाऊल पुढे पडत नसेल, तर खरी भीती वेगळीच असते. इथे कारणांशी वाद घालत बसलं, की माणूस आणखी कारणं शोधतो. मी मार्चबद्दल काही बोलले नाही. विचारलं, "समजा, गोळ्या घेतल्या. अंडंही वेळेवर फुटलं. आणि तरी पाळी आली. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी काय करत असाल?"

बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग संपलंच ना सगळं, मॅडम. आत्ता निदान मनाला एवढं तरी सांगता येतं, की अजून औषध घेतलेलंच नाही."

या वाक्याने आमच्या बोलण्याची दिशाच बदलली. औषधाचा त्रास, बंदी, मार्च, सगळं बाजूला पडलं. न फोडलेली पट्टी म्हणजे न उघडलेला निकाल होता. जोवर ती कपाटात आहे, तोवर नापास झाल्याचं कुणी म्हणू शकत नाही, स्वतः मेधाही नाहीत. मेधा आळशी नव्हत्या, बेफिकीर तर मुळीच नव्हत्या. हातात उरलेली एकुलती एक आशा खर्च होऊ नये म्हणून त्या ती जपत होत्या. पण एकोणचाळिसाव्या वर्षी जपायचा असतो तो वेळ, आणि नेमका तोच जात होता.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक. या पद्धतीचे जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण मला आजही पटते: घटनेपेक्षा त्या घटनेवर आपण जो निवाडा देतो, त्याने माणूस जास्त कोसळतो. म्हणून विचारलं, "पाळी आली तर नक्की काय संपतं?"

"माझी शेवटची संधी."

"शेवटची, असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही. ते म्हणाले, तीन वेळा करून बघू."

"आणि तुमच्या मिस्टरांची, समीररावांची तपासणी?"

"ती झाली नाहीये. ते ठीकच असतील."

बघा, निकाल लागायच्या आधीच सगळा दोष बाईंनी स्वतःकडे घेऊन ठेवला होता! मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी, कमी खर्चाची. तिच्याआधी बाईने महिनोन् महिने औषधं घ्यावीत हे मला अजिबात मान्य नाही. समीर पुढच्या आठवड्यात तपासणी करून आले. रिपोर्ट ठीक होता.

मग मी एक आकडा समोर ठेवला. तिशीच्या आसपासच्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण २० टक्केच असते. म्हणजे शंभरांतल्या ऐंशी जणींना त्या महिन्यात पाळी येतेच. चाळिशीत ही शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली जाते. गोळी अंडं तयार व्हायला आणि बाहेर पडायला मदत करते, अंड्याचं वय मागे नेत नाही. मेधांना हे ऐकून धीर आला, याचं अनेकांना आश्चर्य वाटेल. मला वाटलं नाही. खोट्या आशेवर उभ्या माणसाला दर महिन्याला पडायची भीती असते. खरे आकडे कळले, की एका पाळीने आपली लायकी ठरत नाही हे पटायला लागतं.

त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहिलं: तीन पाळ्या. तिसरी झाली की डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. त्याखाली, पाळी आली तर त्या संध्याकाळी काय करायचं तेही लिहिलं: रडायचं, समीरला सांगायचं, सासूबाईंना लगेच नाही. पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिली गोळी घेतली.

तुम्हीही याच वळणावर असाल तर सांगते. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर तपासण्या करून घ्या, चाळिशीनंतर तेवढंही थांबू नका. गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा: किती पाळ्या करायच्या, आणि नाही जमलं तर पुढे काय? आकडा ठरला की मन प्रत्येक महिन्याला शेवटचा समजत नाही. गरम वाफा, डोकेदुखी, थकवा येऊ शकतो. क्लोमिफिन (अंडं तयार होण्यासाठीच देतात ती दुसरी गोळी) घेताना चिडचिड वाढली तर घरच्यांना आधी कल्पना द्या. त्या गोळीने दिसायला अंधूक झालं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा. 'गुड न्यूज कधी?' विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते नवरा-बायकोने मिळून ठरवावं, आणि नवऱ्याकडच्या नातेवाइकांना नवऱ्यानेच सांगावं. हे काम सुनेच्या गळ्यात पडलं की ती उपचारांपेक्षा उत्तरांनीच थकते.

तीन पाळ्यांत मेधांना दिवस राहिले नाहीत. दुसऱ्या पाळीच्या वेळी त्या खूप रडल्या, दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. तिसरीनंतर वहीत लिहिल्याप्रमाणे दोघं डॉक्टरांकडे गेले, आणि मग माझ्याकडे आले. घरकर्जाच्या पैशांना हात न लावता आयव्हीएफचा एकच प्रयत्न करायचा, असं त्यांनी ठरवलं. ते उपचार सध्या सुरू आहेत.