युनिटीतल्या गेममध्ये फोनला टिचकीएवढाच धक्का कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेम केलाय, नाणं उचललं की फोनला हलकी टिचकी बसावी असं हवंय, पण युनिटीचं तयार फंक्शन हँडहेल्ड.व्हायब्रेट वापरलं की फोन लांबलचक गुरगुरतो. मग नेटिव्ह, म्हणजे थेट फोनच्या सिस्टिमशी बोलणारा, कोड लिहावाच लागेल का?

लागेल, पण चार-सहा ओळींचा. जावाची वेगळी फाइलही नको, अँड्रॉइडची नेटिव्ह फंक्शनं युनिटीच्या सी शार्प भाषेतूनच बोलावता येतात. मी मात्र त्या चार-सहा ओळींवर दोन रविवार घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सोलापूरचा. पूर्व भागात घराशेजारीच टॉवेलचा कारखाना, त्यामुळे माझा गेमही यंत्रमागाचा: धोटा (आडवं सूत नेणारा मागाचा भाग) इकडून तिकडे जातो, सूत तुटलं की माग थांबवायचा. धोटा सेकंदाला दोनदा आपटतो आणि हँडहेल्ड.व्हायब्रेटची थरथर साधारण अर्धा सेकंद चालते. हिशोब करा, फोन थांबणार कधी? शेजारच्या काकांची उभी हयात मागावर गेली. त्यांना खेळायला दिला तर म्हणाले, "अरे, धोटा असा घुमत नाय, मारतो. खट् करून." त्या फंक्शनला वेळ सांगायची सोयच नाही, म्हणून ते सोडलं.

करायचं ते असं. युनिटीप्लेअरमधून करंटअॅक्टिव्हिटी घ्या, तिच्या गेटसिस्टमसर्व्हिसला 'व्हायब्रेटर' मागा आणि मिळालेला ऑब्जेक्ट गेम सुरू होतानाच एकदा जपून ठेवा. दर धक्क्याला नव्याने मागू नका. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे एपीआय (प्रोग्रॅमरसाठीचा आवृत्ती-क्रमांक) 26 पासून, व्हायब्रेशनइफेक्ट हा क्लास आहे. त्याच्या क्रिएटवनशॉटला मिलिसेकंद आणि 1 ते 255 मधला जोर द्यायचा आणि तयार झालेला इफेक्ट व्हायब्रेटला सोपवायचा. त्याआधीच्या फोनांसाठी व्हायब्रेटला नुसते मिलिसेकंद दिले की झालं. हे सगळं 'अँड्रॉइड आहे आणि एडिटर नाही' अशा अटीत गुंडाळा, नाहीतर एडिटरमध्ये चुकांची रांग लागते.

पहिला रविवार गेला तो एका अक्षरापायी. मी मिलिसेकंद म्हणून नुसतं 20 लिहिलं. पलीकडे जावाला लाँग (मोठा पूर्णांक) हवा असतो आणि आपला 20 इंट (साधा पूर्णांक) म्हणून जातो. सी शार्पमध्ये एरवी इंट आपोआप लाँग होतो, इथे होत नाही; युनिटी नेमके त्याच प्रकारचे आकडे घेणारं फंक्शन शोधते आणि 'असं फंक्शनच नाही' म्हणून हात वर करते. 20 च्या मागे एल जोडा. जोराचा आकडा मात्र इंटच ठेवा.

दुसरा रविवार परवानगीने खाल्ला. कोडमध्ये हँडहेल्ड.व्हायब्रेट दिसलं की युनिटी व्हायब्रेटची परवानगी मॅनिफेस्टमध्ये (अॅपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये) स्वतःहून घालते. नवीन कोड चालला म्हणून मी जुनी ओळ खुशाल पुसली, तिच्यासोबत परवानगीही गेली. गेम बंद पडत नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही, फक्त लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदवहीत) सिक्युरिटीएक्सेप्शन. काही जण ती जुनी ओळ कधीच खऱ्या न होणाऱ्या इफच्या अटीत ठेवून देतात. चालतं ते, पण मला तो चोरटा उपाय वाटतो. कस्टम मॅनिफेस्ट सुरू करा आणि परवानगी स्वतः लिहा. ती साधी परवानगी आहे, खेळणाऱ्याला काही विचारलं जात नाही.

सूत तुटल्यावर मी दोन ठोके देतो. त्यासाठी क्रिएटवेव्हफॉर्म आहे: 0, 40, 60, 40 अशी लाँगची यादी, त्यात पहिला आकडा थांबण्याचा, दुसरा थरथरण्याचा, असं आलटून पालटून. शेवटी रिपीट उणे 1 द्या. मी तिथे शून्य दिलं होतं. शून्य म्हणजे यादी पहिल्यापासून पुन्हा, पुन्हा, पुन्हा; गेम मारेपर्यंत फोन टेबलावर सरकत होता.

आता मोटर. स्वस्त फोनात बहुधा एका बाजूला वजन असलेली फिरणारी मोटर असते, तिला वेग घ्यायलाच वेळ लागतो. 10 मिलिसेकंद दिले तर ती जागी होईस्तोवर वेळ संपलेली. महागड्या फोनातली सरळ रेषेत हलणारी मोटर तेवढ्यातही छान टिचकी मारते. शिवाय जोर कमी-जास्त करता येतो का हे सांगणारं हॅजअॅम्प्लिट्यूडकंट्रोल नाही म्हणालं तर तुमचा 80 आणि 255 त्या फोनला सारखाच. म्हणून घरातला सगळ्यात जुना फोन हातात धरूनच आकडे ठरवा. मी 30 वर थांबलो.

आयफोनला रस्ता वेगळा: प्लगिन्सच्या आयओएस फोल्डरमध्ये एक ऑब्जेक्टिव्ह-सीची एमएम फाइल, त्यात एक्सटर्न सीमध्ये फंक्शन, आणि सी शार्पमध्ये डीएलएलइम्पोर्टला 'इंटर्नल' (आधी दोन अंडरस्कोअर). आत यूआयइम्पॅक्टफीडबॅकजनरेटर वापरा, तो आयओएस 10 पासून आहे. आयपॅडवर हाताला काही लागणार नाही, तिथे कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

आणि सेटिंगमध्ये थरथर बंद करायचं बटण ठेवा. काकांनी सगळ्यात आधी तेच शोधलं. दिवसभर माग ऐकून आलेला माणूस तो.

एवढं करूनही फोन ढिम्मच राहिला, तर आधी बॅटरी सेव्हर चालू आहे का ते बघा, बऱ्याच फोनांत तो थरथरही बंद करतो. तेही नसेल तर लॉगकॅटमधली लाल ओळ इथे टाका, बघतो.