शिक्षकांना दरवर्षी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण कशाला? एकदा शिकवलं की पुरत नाही का?

नाही पुरत. पण 'या लोकांना येतच नाही, म्हणून सारखं शिकवावं लागतं' हा जो सूर तुमच्या प्रश्नात आहे, त्यासाठी हे लिहितेय.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेवर मी आहे. सोबतचे गुरुजी तेव्हा निवृत्तीला टेकलेले. वेतनवाढ अडू नये म्हणून त्यांनी एमएस-सीआयटी केली होती, नंतर माऊसला हात लावला नव्हता. अशात प्रशिक्षण लागलं. हॉल भरगच्च, प्रशिक्षण देणारे सुलभक स्लाइडमागून स्लाइड दाखवतायत, आमच्या हाताला काम शून्य. गुरुजींनी उठून विचारलं, "सर, आमच्या वाडीत रेंजच नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून करायचं काय?" सर म्हणाले, "शंका शेवटी घेऊ." शेवटी ग्रुप फोटो घेतला.

परतताना आमच्या केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातला, एक तंत्रस्नेही म्हणवणारा सहकारी म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्यांना बोलवतातच कशाला? शिकायची इच्छा नसते यांना."

इच्छा नसलेल्या त्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मला गाठलं. "बाई, रेंज असते तिथं व्हिडिओ उतरवून घेतला तर शाळेत चालंल का?" चालतो. सरकारच्या दीक्षा ॲपवरचा घटक आधी डाऊनलोड केला की नेट लागत नाही. मग मोबाइल टीव्हीला जोडायचा कसा, टीव्हीवर सोर्स कुठला निवडायचा, हे रोज थोडं थोडं करत बसलो. गुरुजींनी पुढं स्वतःचंच एक काढलं. पोरांचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि ज्याचं त्यालाच ऐकवायचं. पोरं आपणहून म्हणायची, "गुरुजी, इथं चुकलंय, परत वाचतो." वर्गात तोंड न उघडणारी तिसरीतली एक मुलगी मोबाइल घेऊन दाराआड जायची आणि अख्खा धडा वाचून यायची. हे कुठल्या स्लाइडवर होतं सांगा!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. तासांना माझी हरकत नाही. पण ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची, आणि पोषण आहाराची माहिती भरायची, आणि चाचणीची उत्तरं व्हॉट्सॲपवर तयार, असे तास भरले तर प्रमाणपत्राशिवाय काय मिळणार? त्यापेक्षा केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, आपल्यातल्याच एकानं वर्गात केलेलं दाखवावं, इतरांनी तिथंच हातानं करून बघावं, आणि पुढच्या परिषदेत 'त्याचं काय झालं' हे विचारावं. ते कुणी विचारत नाही.

आता एआय, सायबर सुरक्षा असल्या गोष्टी आपापसात भागणाऱ्या नाहीत, त्याला डाएटमधून, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून, जाणकार माणूस यायलाच हवा. शहरातल्या शाळांचं गणितही वेगळं असेल.

पण वयाचं कारण मला सांगू नका. त्या तंत्रस्नेही सहकाऱ्याला मी नंतर विचारलं होतं, तुमच्या शाळेतला टीव्ही शेवटचा कधी लावला? म्हणाला, रिमोटचे सेल संपलेत.