हायलक्सला जादा डिझेल टाकी बसवावी, की जेरीकॅनवर भागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहता, टोयोटाचा डिझेल पिकअप हायलक्स आहे, मूळ टाकी ८० लिटरची. जूनमध्ये माउंट डेअरहून बर्ड्सविलपर्यंत सिम्पसन वाळवंट पार करायचंय. जादा टाकी बसवावी का, आणि बसवली तर काय काय बघायचं? मी इथल्याच एका फोर-व्हील-ड्राइव्ह वर्कशॉपमध्ये काम करतो. अशा टाक्या बसवणं रोजचंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. वाळवंटातल्या फ्रेंच लाइन नावाच्या कच्च्या वाटेने माउंट डेअर ते बर्ड्सविल ५५० किलोमीटर धरून चला. मध्ये एकही पंप नाही, आणि हजारावर वाळूच्या टेकड्या आडव्या येतात. डांबरी रस्त्यावर लिटरला १० चा ॲव्हरेज देणारी गाडी सामानाने भरून वाळूत घातली की ५ वर येते. म्हणजे ११० लिटर झाले. चिखलाला घातलेले वळसे, बिग रेड या मोठ्या टेकडीवर अर्ध्यातून मागे येऊन पुन्हा घेतलेली धाव, यासाठी पाव हिस्सा वर ठेवा. १४० च्या आसपास लागतील, तुमच्याकडे ८० आहेत. तूट ६० लिटरची.

६० लिटर म्हणजे वीस-वीसचे तीन जेरीकॅन. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर टाकीवर पैसे घालू नका. कॅन ट्रेमध्ये, म्हणजे मागच्या सामानाच्या हौद्यात, कॅबिनला लागून, पट्ट्यांनी घट्ट आवळून न्या. कॅबिनच्या आत नकोत आणि टपावर तर मुळीच नकोत. टेकडीच्या उतारावर गाडी जराशी आडवी झाली की वरचं ते साठ किलो वजनच तिला कलंडवतं.

पण पुढे टॅनामी, कॅनिंग स्टॉक रूट असे लांबचे वाळवंटी रस्ते मनात असतील तर टाकी घ्याच. कॅनिंग एकटाच १,८०० किलोमीटरच्या वर आहे.

टाकीचे दोन प्रकार. एक, मूळ टाकी काढून तिच्या जागी मोठी बसवायची. हायलक्ससाठी अशा साधारण १४० लिटरच्या मिळतात. एकच काटा, एकच झाकण, वापरायला सोपं. दुसरा प्रकार म्हणजे मूळ टाकी तशीच ठेवून वेगळी दुसरी बसवायची. ती ट्रेमध्ये बसते, नाहीतर खाली स्टेपनीच्या जागी, आणि मग स्टेपनी मागच्या कॅरिअरवर जाते. माझं मत ठामपणे वेगळ्या टाकीच्या बाजूने आहे. दुर्गम ठिकाणी ड्रममधलं डिझेल घ्यावं लागतं आणि त्यात पाणी निघू शकतं. दुसरी टाकी वेगळी असेल तर ते डिझेल आधी तिथे घ्यायचं, रात्रभर बसू द्यायचं, सकाळी तळाच्या बोल्टातून काचेच्या बाटलीत थोडं काढून बघायचं. खाली पाण्याचा थर दिसला तर तेवढं काढून टाकता येतं, मूळ टाकीतलं चांगलं डिझेल शाबूत राहतं. कॉमन रेल, म्हणजे अतिदाबाने डिझेल फवारणाऱ्या आजच्या इंजिनाच्या इंजेक्टरला पाणी अजिबात सोसत नाही. दगड लागून एक टाकी फुटली तरी दुसरी तुम्हाला बाहेर काढते. ही सोय मोठ्या एका टाकीत नाही.

आता बसवण्याकडे. लोक टाकीचे लिटर विचारतात, ब्रीदरचं, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं, कोणी विचारत नाही. सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. मध्यंतरी एक गाडी आली होती, पंपावर दर दोन-तीन लिटरला नोझल खटकन बंद पडायचं. खाली शिरून बघितलं तर ब्रीदरची नळी चासीवरून खाली लोंबत आलेली, त्या खोलगट भागात डिझेल साचलेलं. आत जाणाऱ्या डिझेलला हवा बाहेर सोडायला वाटच नव्हती. नळी टाकीपासून सतत चढती हवी आणि तिचं तोंड डिझेल भरायच्या तोंडाजवळ, उंच, धुळीपासून लांब हवं. शिवाय टाकी गळ्यापर्यंत भरू नका. जूनमध्ये तिथे पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी खालून सायलेन्सरची धग लागते. डिझेल २५ अंशांनी तापलं तर ६० लिटरमागे सव्वा लिटर फुगतं.

दुसऱ्या टाकीतून इंजिनाला थेट लाइन देऊ नका. जुन्या गाड्यांत सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लावून टाक्या आलटून-पालटून चालवत. तो अर्धवट अडकला की एका टाकीतलं डिझेल रिटर्नने, म्हणजे इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या नळीने, दुसरीत जाऊन सांडतं. त्यापेक्षा छोटा ट्रान्स्फर पंप लावून दुसरीतलं डिझेल मूळ टाकीत ओढायचं. पंपाच्या आधी फिल्टर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज, डॅशबोर्डवर चालू असताना दिवा लागणारा स्विच, एवढं हवंच. पंप चालू ठेवून विसरलात तर मूळ टाकी भरून वाहील.

वाळवंटात पहिल्या १०० किलोमीटरनंतर २० लिटर ओढून बघा. पंप बिघडला असेल तर माघारी यायला मूळ टाकीत ६० असतात. मूळ टाकी तळाला जाईपर्यंत थांबलात आणि मग पंप बोलला नाही, तर फार वाईट जागी अडकाल.

टाकी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नको. जस्त डिझेलमध्ये उतरून इंजेक्टरपर्यंत घाण नेतं. तांब्याच्या नळ्याही नकोत. ॲल्युमिनाइज्ड स्टील किंवा जाड पॉलिथिलीन चालतं. आत आडवे पडदे हवेत, नाहीतर प्रत्येक टेकडीवर डिझेल पुढे-मागे आपटतं. सायलेन्सर जवळ असेल तर मध्ये हीट शील्ड घाला. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जळून साफ होत असताना तो भाग भयंकर तापतो.

वजन: ६० लिटर डिझेल ५० किलो, टाकी-पट्ट्या धरून ८० च्या घरात. स्टेपनीच्या जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने त्या ॲक्सलवर भार याहून जास्त येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. सगळं सामान, पाणी, माणसं बसवून वजनकाट्यावर मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या. पाटे बदलायचे की नाही ते त्यानंतर ठरवा. काम व्हीएसबी १४, म्हणजे गाडीतल्या बदलांच्या ऑस्ट्रेलियन नियमावलीच्या चौकटीत झालंय याचं पत्र वर्कशॉपकडून घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: महिंद्रा थारला अशी टाकी बसवून लडाखला जायचा विचार असेल तर नको. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. गरजही नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. थारच्या ५७ लिटरमध्ये तेवढं अंतर निघतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं सिम्पसन १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतं. तुम्ही जूनमध्ये जाताय, तर टाकी एप्रिलमध्येच बसवून घ्या आणि फ्लिंडर्स रेंजेसच्या कच्च्या रस्त्यांवर भरलेल्या टाकीनिशी एक फेरी मारा. परत आल्यावर पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा आवळा, नळ्यांच्या प्रत्येक क्लॅम्पवरून कोरडं फडकं फिरवा. फडक्याला डिझेलचा वास आला तर तो क्लॅम्प बदला.